लपवायची भाषा

हिंदी मुलखातल्या एका शहरात, किला गेट भागात राहणाऱ्या अंतराला मराठी कळत नाही, असं तिच्या घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी. घरी कुणी मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत. मग काय, पोरीपासून काही लपवायचं असलं की मोठी माणसं खुशाल मराठीत बोलत. भिंतीलाही कान असतात म्हणणाऱ्या या शहाण्यांना अकरा वर्षांच्या पोरीचे कान तेवढे दिसले नाहीत! तिला अक्षर न् अक्षर कळायचं. दिवाळीला कुठला फ्रॉक येणार, मावशीचं लग्न का मोडलं, सगळं ठाऊक. तिला त्याची भारी गंमत वाटायची.

ती गंमत त्याच शहरातल्या कंपू भागातल्या एका दवाखान्यात संपली. तिची आई प्रांजली आठ दिवस तिथे होती. अंतरा बाहेरच्या बाकावर मोबाइलवर खेळत होती आणि शेजारी बाबा सुधाआत्याला हळू आवाजात सांगत होते, "उद्या ऑपरेशन. पण डॉक्टर म्हणाले, फार आशा ठेवू नका."

"प्रांजलीला सांगितलंस?"

"नाही. धीर सोडेल ती."

"मग या पोरीला आज दुपारीच इंदूरला मामाकडे धाडून दे."

अंतराचा खेळ थांबला. आज गेली, तर आई पुन्हा दिसेल की नाही कोण जाणे.

आत्या लाडानं वळली. "बेटा, मामा के यहाँ जाओगी?"

"मी नाही जाणार, आत्या. मला सगळं समजलं. आई वाचणार नसेल, तर मला इथेच राहायचं आहे."

आत्यानं तोंडाला पदर लावला. बाबा रागावतील असं अंतराला वाटलं होतं, पण ते तिच्यासमोर खाली बसले. "राहा. पण आईला यातलं काही कळता कामा नये. जमेल तुला?"

असं बरोबरीनं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं. तिला त्याचीच फार भीती वाटली. तरी तिनं मान हलवली.

ती आत गेली तेव्हा आईनं तिला पलंगावर जवळ ओढलं, दाराकडे पाहिलं आणि कानाशी पुटपुटली, "सच बता, बाहर क्या बात हो रही थी? मुझे पता है, तू सब समझती है."

आईला ठाऊक होतं तर! अंतरा हिंदीतच म्हणाली,

"ऑपरेशन के बाद घर, मम्मी. डॉक्टर ने बोला है."

आईनं सुटकेचा श्वास सोडला. लेक तिच्याशी कधी खोटं बोलली नव्हती.