कनीजभाभींनी राखलेलं शहर

राजिवड्यात कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या कनीजभाभींचे उपकार मी मानते, ते एका गेमपायी.

२००४ साली माझा नवरा देवदत्त बोटीवर निघाला, तेव्हा गेममध्ये वसवलेलं आपलं शहर माझ्यावर सोपवून गेला. घरात कॉम्प्युटर एक, पण आमची खाती दोन. त्याच्या खात्यात बसून त्याची कारकुनी करायला मी तयार नव्हते. माझ्या खात्यात गेम उघडला, तर नुसतं ओसाड रान! संध्याकाळी भाभींना बोलावलं आणि फर्मावलं, “त्याचं शहर तिथून काढा, माझ्यात टाका.”

त्याच्या शहराची फाईल भाभींनी शोधली आणि त्या थांबल्या. “वहिनी, भाऊ सकाळीच सफरीवर गेले. आज केर काढलात?”

“छे! माणूस निघाल्यावर लगेच कोणी केर काढतं का?”

“मग त्यांचं शहर मी कसं काढू? कॉपी करते. त्यांचं तिथेच राहू दे.”

कॉम्प्युटरात कसलं आलंय शास्त्र, म्हणून मी चिडले. भाभी हसल्या, पण ऐकलं नाही.

माझ्या हाती शहर गणपतीपर्यंतही टिकलं नाही. मी कर वाढवले, लोक पळाले, वीज गेली.

देवदत्त परतला आणि त्याने माझ्या खात्यातलं ते काळोखं शहर बघितलं. मी निमूटपणे त्याचं खातं उघडून दिलं. तिथे घराघरांत दिवे लागलेले होते.

“म्हणजे,” तो हळूच म्हणाला, “इथून मी गेलोच नव्हतो.”