बाजाराच्या बाजाराला एक पुडी

माझ्या सासूबाई आमच्या बोरी गावातल्या लग्नांच्या पंगती टाळायला लागल्या, तेव्हा मला कळलं की दुखणं साधं नाही. भीती जेवायची नव्हती, उठायची होती. मांडी घालून बसल्या की दोघींनी बगलेत धरून उठवावं लागे, आणि चारचौघांत ते त्यांच्या जिवावर येई.

रक्त तपासून परभणीचे डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व फार कमी आहे. अंगाला ऊन लागत नाही."

सासूबाई मोठ्यानं हसल्या. "आमाला ऊन न्हाई? सारा जल्म कापूस येचण्यात गेला की!"

गेला खरा, पण कसा? डोक्यावर पदर, त्यावर रुमाल, तोंड बांधलेलं, लुगड्यावर मामंजींचा लांब बाह्यांचा शर्ट. उघडे तेवढे डोळे. ऊन बिचारं शिरणार कुठून!

आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायची ठरली. आमच्याकडे आठवडा बाजारावर मोजतात, म्हणून मी बजावलं, "आत्याबाई, बाजाराच्या बाजाराला एक." त्यांनी एकही बाजार चुकवला नाही. तरी पाच बाजार झाले आणि भिंत धरल्याशिवाय उठणं होईना. मी डॉक्टरांवरच चिडले.

एका बाजारच्या दिवशी मी शिकवते ती शाळा लवकर सुटली. घरी येते तर सासूबाई आणि शेजारच्या मावशी समोरासमोर, पुढ्यात दुधाचे दोन पेले, मधे फोडलेली एकच पुडी.

"तिचे बी पाय लय दुखायलेत," सासूबाई म्हणाल्या. "येचणीला आमी एक भाकर दोघीत खाल्ली. आता एकटीनं कसं खावं?"

"आत्याबाई, ही भाकर न्हाई, औषध हाय!" मी ओरडले, आणि मलाच हसू फुटलं.

मावशींनाही डॉक्टरांकडे नेलं. त्यांच्या रक्ताचीही तीच रड. मग दोघींना डॉक्टरांनी आपापल्या पुड्या लिहून दिल्या.

गुडघ्यांची झीज होती तेवढी राहिली, पण मांड्यांत बळ आलं. पुढच्या लग्नसराईत दोघी पंगतीला बसल्या. जेवणं होताच आम्ही सुना सवयीनं धावलो. "सरका," सासूबाई म्हणाल्या आणि जमिनीला हात न लावता सरळ उभ्या राहिल्या. मला भर मांडवात रडू आलं, इतका आनंद झाला.

त्यांनी मात्र मावशींकडे वळून फर्मावलं, "ऊठ की गं! आता तर अख्खी पुडी खायलीस."