दुसरं टोक

योलिमा बोतिना ब्वेनोस आयर्सला शिकायला आली त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत ती एकदाही आपल्या गावाची, पास्तोची, नव्हती. कोणी विचारलं की म्हणायची, बोगोटाची. कोलंबियाच्या राजधानीचं शहर, तिथे कोणीही कुठूनही आलेलं खपून जातं. पास्तो म्हटलं की मात्र तिच्या देशातला माणूस आधीच गालात हसायला लागतो. पास्तोचे लोक डोक्यानं मंद, हे कोलंबियात लहान मुलालाही शिकवावं लागत नाही.

तिच्यासोबत राहणारी एलियाना कोलंबियातल्याच मेदेयीनची. मनानं निर्मळ, पण तोंडाला कुलूप नाही. भात शिजेपर्यंत पास्तोवरचे दोन विनोद तिचे ठरलेले. पास्तोचा माणूस छत्री घेऊन न्हाणीत जातो, का, तर टॉवेल विसरला म्हणून. योलिमाही हसायची, जरा जास्तच मोठ्यानं. मग ती घासलेल्याच बशा पुन्हा घासत बसायची.

लपवायचं तरी काय काय? पास्तोत सगळे एकमेकांना अहो-जाहो करतात. बाप लेकीला, बायको नवऱ्याला, आणि मांजरालासुद्धा. इथे आल्यावर तिनं जिभेला मारून मुटकून 'तू' शिकवलं होतं. तरी एकदा घरमालकिणीचं मांजर उशीवर बसलेलं पाहून तोंडून निघालंच, "अहो, जरा सरका की." एलियाना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुद्दामच म्हटलं, असं सांगून योलिमानं वेळ मारून नेली. पण त्यानंतर आठवडाभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. आपण अजून काय बोलून बसू, याचाच घोर.

तिचे वडील, लाउरेआनो, राळेचं काम करणारे. जंगलातल्या एका झाडाच्या कोंबांची राळ उकळत्या पाण्यात मऊ करायची, तिच्यात रंग मळायचा, आणि मग दोघांनी समोरासमोर उभं राहून, हातांनी आणि दातांनी धरून, मागे मागे सरकत ती ताणायची. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ झाली की लाकडी डब्यावर गरम गरम बसवायची आणि पात्यानं नक्षी कापायची. एकट्या माणसाचं हे काम नाही. दुसरं टोक आईकडे असायचं. आई गेल्यावर ते योलिमाकडे आलं, तेव्हा ती चौथीत होती. वडिलांनी एकच नियम सांगितला होता: पापुद्रा दातांत असताना घराला आग लागली तरी तोंड उघडायचं नाही. वर्गातली मुलं तिला रवंथवाली म्हणायची. म्हणूनच तिला तिथून जितकं लांब जाता येईल तितकं जायचं होतं.

आता दुसरं टोक सेगुंदोमामाकडे होतं, आणि मामाला तर कवळी. वडील फोनवर सांगत होते की परवा पापुद्र्याबरोबर वरची कवळीच बाहेर आली, आणि मामा म्हणतो, डब्यावर बसवा, नक्षी म्हणून खपेल. योलिमा खूप हसली. फोन ठेवल्यावर मात्र तिला खोलीत बसवेना.

त्यातच हस्तकला शिकवणाऱ्या ग्रासिएलाबाईंनी वर्गाला काम दिलं. प्रत्येकानं आपल्या गावची एखादी कला करून दाखवायची. योलिमानं आधी मातीशी झटापट केली, मग कागदाशी. बोगोटाची म्हणून काय दाखवायचं, हेच तिला ठाऊक नव्हतं. तांदळाच्या डब्यामागे, वडिलांनी निघताना बॅगेत कोंबलेला राळेचा गोळा होता. तो ती काढायची, हुंगायची, परत ठेवायची. शेवटी दुसरं काहीच जमेना तेव्हा तो पाण्यात टाकायचं ठरवलं. पण दुसरं टोक कोण धरणार? जिचे दात मागता येतील अशी ओळखीची एकच होती, एलियाना.

"हे कोणी शिकवलं तुला?" एलियानानं विचारलं.

"शेजारी एक म्हातारा करायचा," योलिमा म्हणाली. बोलून गेल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. आपल्या बापाला तिनं शेजारचा म्हातारा करून टाकलं होतं.

वर्गात त्या दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. लाल राळ ताणली जाऊ लागली. हातभर झाली, मग दोन हात. खिडकीतला उजेड आरपार दिसायला लागला तशी सगळ्यांची कुजबुज थांबली. ग्रासिएलाबाई जवळ आल्या, चष्मा वर करून पाहू लागल्या, आणि म्हणाल्या, "बोगोटात इतकी सुंदर कला आहे आणि आम्हाला पत्ताच नाही." मागून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वा, बोगोटा.

दोन वर्षं योलिमाला टवाळी पचली होती, पण हे कौतुक काही पचेना. तिच्या वडिलांचे झिजलेले दात, आईची जागा, मामाची कवळी, सगळं उचलून बोगोटाच्या नावावर चाललं होतं. तेसुद्धा तिच्याच तोंडासमोर, आणि ते तोंड बंद.

तिनं दात उघडले.

"बोगोटाचं नाही हे. पास्तोचं आहे. मी पास्तोची."

पापुद्रा निसटला आणि आकसत जाऊन दोरीसारखा लोंबला. एलियानानं आपलं टोक तोंडातून काढलं.

"म्हणजे दोन वर्षं मी तुझ्या तोंडावर..."

"हो."

"मग हसत का होतीस?"

"विनोद बरे होते. तुला सांगता येत नाहीत, एवढंच. माझे बाबा सांगतात ते ऐक एकदा."

"आणि तो शेजारचा म्हातारा?"

"तेच माझे बाबा."

एलियानानं हातातल्या गुंत्याकडे पाहिलं. "वाया गेलं का हे?"

"नाही. गरम पाण्यात टाकलं की परत मऊ होतं."

योलिमानं गुंता शेगडीवरच्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात टाकला. राळ मऊ होऊन वर आल्यावर तिनं ती मळली, एक टोक एलियानासमोर धरलं, आणि घरच्या माणसाशी बोलावं तशी म्हणाली,

"घ्या. दातांत घट्ट धरा. आता घराला आग लागली तरी बोलू नका."

जन्मात कधी गप्प न बसलेल्या एलियानानं टोक दातांत धरलं आणि ती मागे सरकू लागली.