बर्फ शेवटी टाकायचा

रिटायर झाल्यावर माझं पोस्टिंग अमेरिकेत, फ्रीमाँटला झालं. कमांडिंग ऑफिसर सूनबाई केतकी, सॉफ्टवेअरमधला मुलगा निखिल, आणि मी, इन्फंट्रीचा माजी सुभेदार, सध्या भांडी पुसण्याच्या ड्युटीवर.

माझ्या कंपनीतला नाईक दत्तू खरात ज्या दिवशी गेला, त्या दिवशी मी दरवर्षी त्याच्या नावाने एक पेग घेतो. यंदा डॉक्टरांनी रम बंद केली. निखिल म्हणाला, "बाबा, खरातकाकांसाठी मी घरीच लाइट बिअर ब्रू करतो." मला बरं वाटलं. पुढचा सगळा डोक्याला ताप होता.

मॉल्टचं गोड पाणी उकळून वर्ट तयार होतं. यीस्ट घालण्याआधी ते झटपट थंड करावं लागतं. रेंगाळलं तर जंतू आधी ठाण मांडतात. मग बिअर मुरायला काही आठवडे. ही बॅच नासली तर दत्तूच्या दिवसापर्यंत दुसरी होणार नव्हती.

त्या शनिवारी हीट वेव्ह होती. तांब्याच्या नळीचा चिलर महाग, म्हणून निखिलने बाथटब निवडला. उकळतं पातेलं टबात ठेवून दुकानातून आणलेला सगळा बर्फ त्याने एकदम भोवती ओतला. मी टॉवेल घेऊन पोचेपर्यंत त्याचं पाणी झालं होतं.

"सिटरेप दे, परिस्थिती काय?" मी म्हटलं.

"आइस संपला यार, बाबा. वर्ट अजून खूप गरम आहे."

"सगळा टाकलास?"

"लवकर कूल व्हावं म्हणून."

मी कपाळावर हात मारला. सुभेदाराच्या पोराने पहिल्याच हल्ल्यात अख्खी रिझर्व्ह फौज झोकून दिली! अरे, उकळत्या पातेल्याला नळाचं पाणीसुद्धा गारच. आधी त्याच पाण्यावर लढायचं, तापलं की बदलायचं. बर्फ शेवटच्या चढाईला.

"टब रिकामा कर. नळाचं पाणी भर. झाकण उघडू नकोस, बाहेरचं पाणी ढवळत राहा."

दोन-तीनदा पाणी बदलल्यावर पातेल्याला हात लावता येऊ लागला. आता बर्फ हवा होता आणि तो नव्हता. मी इतका चिडलो की केतकीने येऊन फ्रीझर उघडला.

"मटार घ्या, खोबऱ्याची पाकिटं घ्या. पराठ्यांना हात लावायचा नाही."

"येस, मॅम."

मटारांनी मोहीम फत्ते केली. निखिलने यीस्ट टाकलं आणि टबाच्या काठावर बसून विचारलं, "बाबा, रिझर्व्ह म्हणजे नक्की काय?"

मग सांगितलं. एका टेकडीवरच्या हल्ल्यात दत्तूचा सेक्शन रिझर्व्हमध्ये, म्हणजे शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवलेला होता आणि कंपनीचा रेडिओ माझ्याकडे. खाली थांबून तो वैतागला होता.

"आम्ही कधी? ओव्हर."

"वेट. आउट."

पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा माझं तेच उत्तर. अखेर वरची माणसं थकली आणि कंपनी कमांडरने होकारार्थी मान हलवली.

"मूव्ह नाऊ. ओव्हर."

"मूव्हिंग. आउट."

त्याचा आवाज खूश होता. मला त्याचाच त्रास होतो. टेकडी आम्ही घेतली. दत्तू माथ्यावर पोचला आणि तिथेच पडला.

बिअर छान जमली. दत्तूच्या दिवशी निखिल सवयीप्रमाणे आधी माझा ग्लास भरायला लागला. मी त्याचा हात धरला. रिझर्व्हवाल्यांना सगळं शेवटी मिळतं, हुकूमही आणि चहाही. आज पहिला ग्लास दत्तूचा भरला.