गावं मोजत फिरलेली दमणी

आकडे सरकारचे असतात. गोळा केले, वर पाठवले, की आपला त्यांचा संबंध संपला. किस्से मात्र कुणी मागायला येत नाही, म्हणून ते आपल्यापाशीच साठत जातात! माझ्यापाशी तर इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा मधेच डोकं वर काढतो. आज बसलोच आहोत, तर होऊन जाऊ द्या.

काळ निजामाचा. मी परभणीत मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि हैदराबादहून हुकूम आला, की जिल्ह्यातल्या काही खेड्यांची पाहणी करायची. घरात माणसं किती, जनावरं किती, कोण काय काम करतं, काय खातात-पितात, लिहायला-वाचायला कुणाला येतं, सगळं घरोघर जाऊन विचारायचं आणि जुन्या आकड्यांशी ताडून बघायचं. लोकांचं बरं चाललंय की वाईट, हे त्यातून कळायचं होतं. पण पुरुष ओसरीवर विचारायला बसला की बायका दाराआड जाणार. म्हणून आत जाऊन विचारायला एक बाई हवी होती. बैलांच्या दमणीत बसून खेडोपाडी हिंडायला तयार असलेली शिकलेली बाई तेव्हा मी एकटीच!

आमचे मुख्य हमीदसाहेब. हैदराबादला कॉलेजात अर्थशास्त्र शिकलेले, उंच, हसतमुख. मराठी त्यांना सगळी समजायची, बोलायचे मात्र त्यांची दख्खनी. आणि कारकून दत्तोपंत. त्यांचं उर्दू अक्षर असं, की बघत राहावं. पण डोकं वापरायचं काम त्यांनी कायमचं साहेबांवर सोपवलेलं. समोरचा बोलेल ते लिहायचं, बस्स!

तर पहिला किस्सा ह्या दत्तोपंतांचाच.

*

मी शेजारच्या घरात होते. पंत एका दारापुढं उभे. आत पदर सावरून एक तरुण बाई.

"मालकाचं नाव काय?"

आता नवऱ्याचं नाव बाई घेणार कशी? ती म्हणाली, "माह्या माहेराच्या नावात हाय की."

"बरं. माहेर कोणतं?"

"तेच की! मालकाच्या नावाचं."

पंतांनी दोन्ही उत्तरं लिहून घेतली! मग त्यांच्याही लक्षात आलं, की आपण जिथून निघालो तिथंच परत आलोय. त्यांनी पुन्हा विचारलं. बाईनं शेवटी गळ्यातल्या पोतीतला सोन्याचा मणी चिमटीत धरून पुढं केला. "हे बगा. हे!"

पंतांनी चष्मा सावरून पाहिलं आणि नाव लिहिलं, 'मण्याबा'.

संध्याकाळी चावडीत सगळी नावं वाचून दाखवायची पद्धत होती. मण्याबाचं नाव आलं तशी सगळी चावडी खो खो हसायला लागली. मागून एक धट्टाकट्टा गडी उठला. "साहेब, मण्या माझा बैल हाय! म्या सोनबा. अन् बायकू सोनपेठची!"

हमीदसाहेब गंभीर चेहऱ्यानं पंतांकडे वळले. "पंत, बैल का नाम काटो, शौहर का लिखो."

*

ही आमची माणसं, आणि ही त्यांची भाषा. भाषेनं तर पुढच्या गावात कमालच केली.

कागदावरच्या रकान्याला उर्दूत 'खाना' म्हणतात. एका मोठ्या शेतकऱ्याच्या ओसरीवर साहेब कागद चाळत होते. पुरुषांच्या कामाचे रकाने भरलेले, बायकांच्या कामाचे कोरे. कारण ज्याला त्याला विचारलं की उत्तर एकच, "ती काय करती? घरीच असती." साहेब वैतागून मोठ्यानं म्हणाले,

"ये क्या है जी? औरतों का खाना तो पूरा खाली है!"

झालं! हे आतल्या बायकांनी ऐकलं. मी चुलीपाशी बसलेले. घरधनीणबाई ताडकन उठल्या. "बाई, साहेब काय म्हणायलेत? आमच्या घरात बायका उपाशी हाईत?" मी समजावून सांगेपर्यंत त्यांनी परातीत भाकरी, पिठलं, ठेचा, दह्याचं गाडगं असं सगळं घालून परात ओसरीवर पाठवलीसुद्धा! "साहेबाला दाखवा म्हणावं. आमी बायका हेच खातो, अन् पोटभर खातो!"

साहेबांना काही कळेना. पंत मात्र जेवायला बसले.

मी हसता हसता बाईंना सारा घोटाळा सांगितला. "खाना म्हणजे जेवण नव्हे हो, कागदावरचा चौकोन. तुम्ही दिवसभर काय काम करता ते त्यात लिहायचं."

"ते होय?" म्हणून त्या सांगायला लागल्या. दळण, पाणी, शेण, धारा, ताक, सैपाक, शेतावर भाकरी, निंदणी, कापूस वेचणी, संध्याकाळी पुन्हा पाणी. मी आतून ओरडून सांगतेय, पंत बाहेर एका हातात भाकरी धरून लिहितायत. चौकोन भरला, समास भरला, पंतांनी पान उलटलं. ओसरीवर बसलेला घरधनी आधी हसत होता. मग हळूच म्हणाला, "येवढं तर मी बी करत न्हाई."

आतून आवाज आला, "मग तसंच लिवा त्यांच्या खान्यात!"

*

पूर्णेच्या बाजूला नदीकाठच्या माळावर धनगरांचा वाडा उतरला होता. तिथं जनावरं मोजायची होती. धनगरबाई, सखूबाई तिचं नाव, बोट दाखवून मेंढरं मोजू देईना. नजर लागती म्हणे. "मी नाव घेते, तुमी रेघ वढा," असा तोडगा तिनंच काढला.

सुरू झालं. काळी, बांडी, मोरी, लंगडी, भुरी, रुसकी. प्रत्येक मेंढीला नाव! आणि नाव घेतलं की ती मेंढी मान वर करून बघायची. साहेब हरखून गेले. एवढ्यात एक दाढीवाला दांडगा बोकड मधे घुसला आणि थेट साहेबांच्या कागदाला त्यानं तोंड लावलं.

"ए तहसीलदार! हो मागं!" सखूबाई ओरडली.

सरकारी माणसांपुढं ही काय बोलून गेली, हे तिच्या नवऱ्याच्या ध्यानात आलं आणि त्याचा चेहरा उतरला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "इसका नाम तहसीलदार कायकू रखे?"

सखूबाई कसली घाबरतेय! "न बोलावता कुणाच्याबी शेतात शिरतो, साहेब. अन् हाकलला तरी निघत न्हाई!"

साहेब माळावर बसून हसले. पंतांनी मात्र रेघ ओढायच्या आधी विचारलं, "साहेब, ह्याला बोकडांत धरू ना?"

*

वय विचारायचं म्हणजे डोक्याला ताप. बायका वय चोरतात असं म्हणतात ना? मला तर उलटाच अनुभव आला.

एका घरात दोन सुना. दोघींचे नवरे जुळे भाऊ, आणि दोघी एकाच मांडवातून आलेल्या. त्यामुळं थोरली जाऊ कोण, हे त्या घरात कधी ठरलंच नव्हतं. जी थोरली तिच्या कमरेला कोठीच्या किल्ल्या! आता मी वय लिहायला बसलेय म्हटल्यावर दोघींना वाटलं, सरकारच निकाल द्यायला आलंय.

"माझं वय लिवा वीस," एक म्हणाली.

"माझं बावीस!" दुसरी.

"मी इसरले. माझं पंचवीस हाय!"

"माझं तीस पुरं झालं!"

लिलावच लागला! दोघींचे चेहरे पोरसवदा, आणि वयं चालली वर वर. चाळिशी ओलांडली तरी एकही मागं हटेना. मी लेखणी खाली ठेवली. तेवढ्यात कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली सासू म्हणाली,

"चालू द्या, चालू द्या. आजून थोडं वर गेलात की मीच तुमच्या पाया पडते!"

*

मानवतकडं एका घरात चहाची मौज झाली. चहा तेव्हा खेड्यात नवा. हमीदसाहेबांना त्याचं फार कुतूहल. म्हणायचे, रेल्वे आली, बाजार वाढला, त्याचा खेड्यावर काय असर झाला हे बघायचं असेल तर चहा कुठवर पोचला ते विचारा. म्हणून आमच्या प्रश्नांत चहाचा प्रश्न असायचाच.

सासरेबुवा ओसरीवर छाती काढून म्हणाले, "चहा? आमच्या घरात असलं वंगाळ पेय कुणी शिवत न्हाई." पंतांनी लिहिलं, 'नाही'.

मी आत गेले. सून मला परसात घेऊन गेली आणि कानाशी लागली. "बाई, मी पिते. सासूबाईला सांगू नका." मी मान डोलावली. घरात आले तर सासूनं देवघरात बोलावलं. "बाई, सरकारला खोटं कामून सांगायचं? मी पिते घोटभर. पण सुनंला कळता कामा नये, डोक्यावर बसंल." बरं म्हटलं. बाहेर आले, तर सासरेबुवा दमणीपाशी माझी वाट बघत उभे! "मास्तरीणबाई, ते चहाचं... कापूस घिऊन मानवतला जातो, तवा लागलीय सवय. घरात बी असती थोडी पूड. पण घरच्यांला..."

मी साहेबांना एवढंच म्हटलं, "ह्या घरात चहा मागून बघा."

साहेब परत ओसरीवर बसले. "बडी गर्मी है. चाय मिलेगी क्या, थोडीसी?"

पाहुण्याला नाही कसं म्हणणार? सून हळदीच्या मडक्याकडं गेली. सासू देवघरात गेली. सासरेबुवांनी पगडीखाली हात घातला. आणि तिघंही हातात एकेक पुडी घेऊन चुलीपुढं एकमेकांसमोर उभे राहिले!

आधी सासूला हसू फुटलं. मग सगळंच घर हसायला लागलं. चहा झाला, तो सगळ्यांनी मिळून बाहेर बसून घेतला. पंतांनी 'नाही' खोडून लिहिलं, 'तीन ठिकाणी आहे'.

*

आता शेवटचा. तो शेवटी ठेवलाय, कारण त्या गावात पुढं मुलींची शाळा निघाली आणि तिथं शिकवायला मीच गेले. माझी उमेदीची सगळी वर्षं त्याच गावात गेली.

वालूरच्या पलीकडं ते गाव. साहेबांच्या हातात एक अधिकार होता. शिकण्याजोग्या मुली पुरेशा दिसल्या, तर तिथं मुलींची शाळा द्यावी, असं ते वर लिहू शकत होते. पण मुली दिसायला तर पाहिजेत! घरोघर विचारावं, "लेकरं किती?" उत्तर, "दोन." आणि त्याच दारात कडेवर भाऊ घेऊन एक पोरगी उभी.

"मग ही कोण?"

"ही व्हय? ही पोरगी हाय."

लेकरं म्हणजे मुलगे. पोरी लोकाच्या घरी जाणार, त्यांना मोजायचं कशाला? कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. पाटील तर ठामच होते. "शाळंच्या लायक एकबी पोरगी न्हाई गावात. माझ्या स्वतःच्या घरात न्हाई, तर दुसऱ्याचं काय सांगू?"

मी साहेबांशी वाद घातला. ते म्हणाले, "बाई, घर का मालिक जो लिखाए वही लिखना पड़ता. हौ, लड़की खुद सामने आके नाम बोली, तो कौन रोकता मेरेकू?" दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाव सोडणार होतो.

मी विहिरीवर गेले. बायका पाणी शेंदत होत्या. म्हटलं, "उद्या सकाळी पोरींना चावडीपुढं पाठवा. त्यांनी आपलं नाव सांगायचं. नावं लागली तर शाळा येईल." एकीनं एवढंच विचारलं, "चावडीपुढं? पोरींनी मोठ्यानं नाव सांगायचं?" मी होय म्हटलं. तिनं घागर उचलली आणि निघून गेली. मला वाटलं, संपलं.

सकाळी दमणी जुंपली. पाटील निरोपाला आलेले. "सांगितलं हुतं ना साहेब..." एवढं ते म्हणतायत, तोवर बोळातून वाळ्यांचा आवाज आला.

पोरी! तेल लावून, वेण्या घालून, ओळीनं. काहींच्या कडेवर भाऊ. मागं पदर ओढून त्यांच्या आया. पंत दमणीतून उतरून चावडीच्या पायरीवर बसले. पहिल्या पोरीचं नाव काही ऐकूच येईना. साहेब वाकून म्हणाले, "जोर से बोलो, बेटा!" मग तिनं असं काही नाव सांगितलं, की बैल बुजले! गोदा. मुक्ता. साळू. बिस्मिल्ला. रुक्मीण. प्रत्येकीचा आवाज आधीचीपेक्षा मोठा. बघायला जमलेल्या बापांना हसावं का रागवावं कळेना. त्यातला एक म्हणाला, "आवाज बग कसा हाय माझ्या साळूचा!"

पाटील बघतच राहिले. "ह्या येवढ्या कुठून आल्या?"

"आपकेच गाँव के घरों से निकले, पाटीलसाब," साहेब म्हणाले.

ओळ संपली असं वाटलं, तर शेवटी काठी टेकत एक म्हातारी पुढं आली. नऊवारीचा कासोटा ताठ, तोंडात एक दात नाही. पाटील पुढं धावले. "आई, तू इथं कशाला?"

म्हातारीनं त्यांना काठीनं बाजूला सारलं आणि पंतांपुढं उभी राहिली. "लिव. पारूबाई. पाटलाच्या घरची."

पंत अदबीनं म्हणाले, "आजी, शाळेत जायच्या राहिलेल्या पोरींची नावं घेतोय आम्ही."

"मग? मी कवा गेले शाळंत? लिव!"