वाडीतला हवेचा तंबू

हवेवर उभ्या राहणाऱ्या वस्तूवर भरवसा ठेवू नये, हे डहाणूच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. गावात फुग्यांचे कारखाने, आमचे बाबा त्यातल्याच एकात कामाला होते. तपासणीत नापास झालेले फुगे ते घरी आणत. मी आणि माझा धाकटा भाऊ गाल दुखेपर्यंत ते फुगवत असू आणि सकाळी उठून बघावं तर सगळे सुरकुतलेले. बाबा म्हणत, "फुगा पोटात मरत नाही, तोंडाशी मरतो." हे ऐकत वाढलेली मी, तरी गेल्या थंडीत भावाने फोनवर हवेच्या तंबूचं कौतुक सांगितलं तेव्हा भुलले.

आई गेल्यापासून दर वर्षी नाताळच्या सुट्टीत मी, नवरा आणि मुलगी ठाण्याहून वाडीवर जातो. वाडी चिकूची, वाढवणच्या रस्त्याला. मधोमध दोन खोल्यांचं घर. त्यात आईचा झोपाळा, आईची पेटी आणि पेटीत तिने शिवलेल्या गोधड्या. भाऊ गावात राहतो, पण वाडी तोच बघतो आणि त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. मला त्या घरातलं काही नको होतं. वर्षातून चार दिवस तिथे जाऊन झोपायचं होतं. माहेर म्हणजे मला तेवढंच कळतं, एक जागा, जिथे आत शिरताना कुणाला विचारावं लागत नाही.

"ताई, घरात वाळवीचं औषध मारलंय," भाऊ म्हणाला. "आठवडाभर आत जायचं नाही, वास डोक्यात जातो. पण तू ये. मी तंबू मागवलाय. काठ्या नाहीत, लोखंड नाही, नुसता पंप मारायचा. पोरगी खूश होईल बघ."

पोरगी खूश झालीच. वाडीच्या मागच्या टोकाला, समुद्राकडच्या कुंपणाशी त्याने जागा साफ करून ठेवली होती. तिथून घर दिसत नाही, मधे चिकूची दाट झाडं आहेत. अंघोळीला विहिरीजवळची मोरी. त्याने सगळा विचार केला होता, हे मला तेव्हा कौतुकाचं वाटलं.

वहिनी वेवजीची, गुजरातच्या सीमेवरची. तिच्या बोलण्यात मराठी आणि गुजराती एकाच ताटात जेवतात. तिने तळासरीच्या हायवेवरून उबाडियो आणलं होतं, मडक्यात भाजलेले कंद आणि वालाच्या शेंगा. "ताई, बेसो ने, गरम गरम खाऊन घ्या," एवढं बोलून ती गप्प बसली. एरवी तिला थांबवावं लागतं. मी मनात म्हटलं, दमली असेल.

भाऊ पायाने पंप मारत होता आणि दुधी भोपळ्याएवढ्या जाड तीन कमानी हळूहळू जमिनीवरून उठत होत्या. नवरा हात पाठीमागे बांधून बघत म्हणाला, "घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. याला वासेच नाहीत, सुटलो!" आम्ही सगळे हसलो. वहिनी हसली नाही.

चहाच्या वेळेपर्यंत मागची कमान वाकली. भावाने आणि मी साबणाचं पाणी करून लावलं, कारखान्यात लावतात तसं. बुडबुडे आले ते हवा भरायच्या तोंडापाशी. बाबा खरे ठरले म्हणून आम्ही दोघं उगाचच खूश झालो. मग भावाने हाताशी आलेला कच्चा चिकू तोडला, नखाने चिरला आणि त्याचा पांढरा चीक चिंधीवर घेऊन तिथे चिकटवला. लहानपणी आम्ही पतंग, वह्यांची पुठ्ठी, एकदा तर बाबांच्या चपलेचा अंगठाही चिकूच्या चिकाने जोडला होता. अंगठा दारापर्यंत टिकला होता. हे आठवूनही चिंधीवर बोट दाबून धरायला मीच बसले. चिकूच्या वाडीत वाढलेल्या माणसाला त्या चिकाचा असला आंधळा अभिमान असतो.

"आता हलत नाही," भाऊ म्हणाला आणि वहिनीला गाडीवर घेऊन गावात गेला.

दिवस मावळायला आला तसा समुद्रावरून गार वारा सुटला. आम्ही आत पत्ते खेळत होतो. आधी मागची कमान बसली, मग तिच्यामागोमाग मधली, आणि सगळा तंबू सावकाश आमच्या डोक्यावर आला. मुलगी हसून लोळली. नवऱ्याचा चष्मा सापडेना. पाण्याचं भांडं लवंडून गादी आणि पांघरुणं चिंब झाली. मलाही हसू येत होतं. मी म्हटलं, घरातून गोधड्या आणते, दोन मिनिटांच्या वासाने कुणी मरत नाही. किल्ली नेहमी तुळशीजवळच्या दगडाखाली असते.

झाडांतून बाहेर आले तर घरात दिवा होता. दारात परकी मोटार. पायरीवर चपलांची रांग. औषधाचा वास नव्हता, लसणाच्या फोडणीचा होता. आणि आईच्या झोपाळ्यावर माझ्याच वयाची एक बाई केस पुसत बसली होती.

"कोण हवंय?" तिने विचारलं.

मी मागे, झाडांपलीकडे हात केला.

"अच्छा, तुम्ही तंबूतले गेस्ट का?" तीच म्हणाली. "भाऊ बोलले होते, मागे एक फॅमिली आहे. या ना, बसा."

मी बसले नाही. आमचं अंथरूण भिजलं, एखादी गोधडी मिळेल का, असं विचारलं. विचारलं! ती आत गेली. पेटीचं झाकण करकरलं, तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल. तिने आणलेल्या गोधडीत निळ्यावर पांढरे ठिपके असलेला तुकडा होता. माझा फ्रॉक.

"सकाळी आठवणीने परत द्या हं," ती म्हणाली. "घरमालकांची आहे."

मी हो म्हटलं. बाई चांगली होती, तिच्यावर कशाला चिडू?

सकाळी भाऊ दूध घेऊन आला आणि आधी पंपाला लागला. मी त्याला घरातल्या लोकांबद्दल विचारलं. त्याचा पाय थांबला नाही.

"ताई, बंद घर खराब होतं. या रस्त्याला सगळेच देतात पर्यटकांना. नाताळातच तर लोक येतात."

"मग मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"नसते आले."

"म्हणून नाही सांगितलं."

त्याला वाटलं, ही माया झाली. मला मात्र त्याला धरून हलवावंसं वाटत होतं. अरे, मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, दे, पैसे कमव, मी त्या झोपाळ्यावर एक दुपार बसून जाईन. तू मला वाळवी सांगितलीस. माझ्या पोरीला माझ्याच माहेरी पाहुणी केलीस आणि ती कशी खूश होईल तेही आधी ठरवलंस. यातलं मी काहीच बोलले नाही, कारण मुलगी बाजूला उभी राहून तंबू परत उठताना बघत होती. चहा पिऊन आम्ही निघालो. भावाला तंबू आमच्या डिकीत घालायचा होता. नको म्हटलं.

ठाण्याला पोचल्यावर त्याचा फोन आला. नीट पोचलात का, वगैरे झालं. मग जरा घुटमळून म्हणाला, "ताई, ते गेस्ट म्हणतायत, पेटीतली एक गोधडी कमी आहे."

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं.

तो मोठ्या मनाने म्हणाला, "असू दे. राहू दे तुला."