सिग्नल एकाच माणसाचा

माझी अख्खी नोकरी वजनं उचलण्यात गेली. गोविंदपुऱ्याकडच्या एका कारखान्यात मी क्रेनचा सुपरवायझर होतो. नागपूरहून दोन वर्षांसाठी म्हणून भोपाळला आलो आणि एकतीस वर्षांनी इथूनच रिटायर झालो. तेवढ्या काळात दहा-दहा टनांचं लोखंड उचलून अलगद दुसरीकडे ठेवलं, कशालाही ओरखडा पडू दिला नाही. रिटायर झाल्यावर मात्र घरात उचलण्यासारखं काही नव्हतं. गॅसचं सिलिंडर होतं, पण ते आणणारा माणूसच आत नेऊन ठेवायचा.

अशात आमच्या कुत्र्याचे मागचे पाय गेले.

तो तेरा वर्षांचा होता. बाप लॅब्रेडोर, आई कॉलनीच्या गेटवरची. घरात त्याला तीन नावं होती. एक मुलीने लग्नाआधी ठेवलेलं, एक बायकोचं, एक माझं. तिन्ही नावांना तो सारखाच दाद देत नसे. थंडी सुरू झाली तसा तो सकाळी उठताना अडखळायला लागला. पुढचं अंग उठायचं आणि मागचं फरशीवर तसंच राहायचं. नवी फरशी मी हौसेने घातली होती, चेहरा दिसेल इतकी गुळगुळीत. तिच्यावर त्याचे पाय दोन दिशांना सरकायचे आणि तो खाली बसून भिंतीकडे बघायचा, जणू काही घडलंच नाही.

बिट्टन मार्केटजवळच्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे पाय वाकवून बघितले. म्हणाल्या, "अंकल, जोड़ जकड़ गए हैं, पीछे ताकत कम है. दवा दे रही हूँ, पर असली दवा चलना है. जब तक खुद उठ रहा है, तब तक ठीक. जिस दिन उठने की कोशिश छोड़ दी, फिर मुश्किल है."

मी घरी येताना ठरवून टाकलं की याला उठायचा त्रासच पडू द्यायचा नाही.

गोविंदपुऱ्यात मशीनचे पट्टे शिवणारा एक ओळखीचा कारागीर होता. त्याला मी कागदावर मापं काढून दिली. कंबरेचा घेर, पोटाची रुंदी, गुरुत्वमध्य. त्याने विचारलं, "साहब, कौन सी मशीन है?" मी म्हणालो, कुत्रा. त्याने कागद परत एकदा बघितला आणि कामाला लागला. दुहेरी कॅनव्हासचा, आतून फ्लॅनेल लावलेला, दोन मुठींचा पट्टा तयार झाला. मागच्या पायांच्या पुढून पोटाखाली घालायचा आणि मुठी धरून मागचं अंग उचलायचं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुबक काम होतं, हे मी आजही सांगतो.

फरशीवर मी घरभर रबराच्या चटया टाकल्या. दाराच्या दोन पायऱ्यांवर फळी लावली. आणि सकाळपासून त्याला उचलायला लागलो. लघवीला उचल, पाण्याला उचल, उन्हात ने, उन्हातून आण. तो जरा हलला की मी पट्टा घेऊन हजर. काही दिवसांत तो हलायचाही बंद झाला. नुसता माझ्याकडे बघायचा आणि मी उठायचो. मला वाटलं, आमची छान जोडी जमली आहे.

बायको म्हणाली, "मी नाही हं उचलणार त्याला." मला तिचा राग आला. तेरा वर्षं भाकरी खाऊ घातली त्याला, आणि आता ही अशी कोरडी.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मांड्या चाचपल्या आणि कपाळाला आठी घातली. "पतले हो गए. चल नहीं रहा क्या?" मी म्हणालो, औषध बदलून बघा.

दुपारी जेवण झालं की दोन तास मी झोपतो. त्या दिवशी गल्लीत भाजीवाल्याने भोंगा लावला आणि मला लवकर जाग आली. मागच्या अंगणात बायको वेताच्या बुटक्या मोड्यावर बसून मटार सोलत होती. तिच्या समोर कुत्रा उभा होता. चारही पायांवर. मागचे पाय थरथरत होते, पण उभा होता, आणि ती देईल ती साल चावून खात होता. हॉलमधल्या त्याच्या गादीपासून अंगण म्हणजे चांगली पंधरा पावलं, मध्ये एक उंबरा.

मला बघितल्याबरोबर तो खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच, आणि दीनवाण्या डोळ्यांनी माझ्याकडे बघायला लागला. एवढा नाटकी प्राणी मी आमच्या युनियनमध्येही पाहिला नव्हता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"रोज येतो. तुम्ही झोपलात की येतो."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

ती मटार सोलत राहिली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही किती खुशीत होतात. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा सकाळी दाढी करून तयार असायचात."

आधी मला राग आला. मग लाज वाटली, आणि ती बराच वेळ गेली नाही. कुत्र्याला माझी गरज होती त्यापेक्षा मला त्याची जास्त होती, आणि ते घरात माझ्याखेरीज दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी बायकोने पट्टा उचलून खुंटीला टांगला. तिने एकतीस वर्षं जेवताना माझ्याकडून कारखान्याचे नियम ऐकलेले होते. त्यातला पहिला हा की क्रेनवाल्याने सिग्नल एकाच माणसाचा पाळायचा. दहा जण ओरडत असले तरी त्या एकाने बोट वर करून गोल फिरवलं तरच उचलायचं.

"आजपासून सिग्नल माझा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. त्याने माझ्याकडे बघितलं. मी हललो नाही. त्याने पुढचं अंग उचललं, मागचं घसरलं, तो कण्हला. स्वयंपाकघराच्या दारातून बायको तळहात दाखवत होती, म्हणजे थांबा. टनांची वजनं डोक्यावर लोंबकळत असताना मला कधी घाम फुटला नव्हता, तो त्या सकाळी फुटला. चार मिनिटांनी तो उठला. आणि माझ्याकडे न बघता पाण्याकडे गेला. दोन दिवस त्याने माझ्याशी संबंधच ठेवला नाही.

पण चालला. आधी अंगणापर्यंत, मग फाटकापर्यंत, मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत. मी शेजारी चालायचो, रिकाम्या हातांनी. नखं वेळच्या वेळी कापायचो, कोमट पाण्याच्या पिशवीने कंबर शेकायचो, पोळीचे तुकडे मोजून द्यायचो. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. पावलं पुन्हा कमी होत गेली. आधी इस्त्रीवाला सुटला, मग फाटक. अंगण मात्र त्याने सोडलं नाही. डॉक्टरीणबाई आता औषध बदलायच्या नाहीत, नुसता त्याच्या डोक्यावरून हात फिरवायच्या.

पुढच्या थंडीत बाजारात मटार आले. पहिल्याच दिवशी दुपारी बायकोने अंगणात मोडा मांडला, आणि मी झोपायला गेलो नाही. शेंगा मोडल्याचा आवाज झाला तसे त्याचे कान उभे राहिले. त्याने पुढचे पाय रोवले. मागचे आले नाहीत. त्याने दम घेतला आणि पुन्हा रोवले. मी हॉलच्या भिंतीशी हात पाठीमागे बांधून उभा होतो आणि मनातल्या मनात त्याला उचलत होतो. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्न केला. यावेळी नाटक नव्हतं, कारण तो माझ्याकडे बघतच नव्हता, अंगणाकडे बघत होता.

बायको अंगणातून आमच्याकडे बघत होती. तिने मांडीवरची परात खाली ठेवली. मग उजव्या हाताचं एक बोट वर केलं आणि हळूहळू गोल फिरवलं.

मी खुंटीवरचा पट्टा काढला, त्याच्या पोटाखाली सरकवला आणि जुन्या सवयीने जोर लावला. तेवढ्या जोराची गरज नव्हती, तो अलगद वर आला. पंधरा पावलं आम्ही दोघं चाललो. बायको त्याला एकेक साल देत राहिली, आणि त्याचं खाऊन होईपर्यंत मी मुठी सोडल्या नाहीत.